पूर्वेकडे तोंड केलेली अँटेना

आर्लो हॉगनला लाल आणि हिरवा हे दोन रंग वेगळे दिसत नसत. एकोणिसाव्या वर्षापर्यंत हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. रेल्वेत फायरमनची, म्हणजे इंजिनातल्या मदतनिसाची, जागा मिळावी म्हणून तो लेलँडला गेला, तेव्हा कंपनीच्या डॉक्टरनं टेबलावर रंगीत लोकरीच्या लडी पसरल्या आणि म्हणाला, “यातल्या हिरव्या तेवढ्या बाजूला काढ.” आर्लोनं घाई न करता, नीट निरखून पाच लडी काढल्या. त्यातल्या दोन लाल होत्या आणि एक तपकिरी.  डॉक्टरनं कागदावर नापासाचा शिक्का मारला आणि पुढच्या मुलाला हाक दिली.

आमच्या केलर बेंडमध्ये तेव्हा मुलं एक तर शेतात जात, नाही तर रेल्वेत. आर्लोच्या वाट्याला या दोन्हींच्या मधली जागा आली. रुळांना लागून धान्याचं कोठार आहे, तिथे तो लागला आणि एकतीस वर्षं तिथेच राहिला. मालगाडीचे डबे त्यानं मक्यानं भरायचे आणि ते दुसऱ्यांनी न्यायचे. याबद्दल त्याची तक्रार मी कधी ऐकली नाही. फक्त गाडी हलली की तो हातातलं काम थांबवून शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत उभा राहायचा. जुना मुकादम त्यावरून चिडे, नव्या मुकादमाला ते चालत असे.

आर्लो उंच, किडकिडीत माणूस. शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली, दोन्ही टोक केलेल्या. मोजे त्याची बायको व्हर्ना काढून ठेवी, नाही तर एक तांबडा आणि एक हिरवा घालून तो चर्चला आला असता. माझं घर त्यांच्या शेजारी, मध्ये फक्त त्यांच्या भाज्यांचे वाफे. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे अख्खं गाव मला बाई म्हणे. आर्लो माझ्याहून तीन वर्षांनीच लहान होता, पण तोही बाईच म्हणे.

त्याच्या बहिणीचा, आयनेझचा, नवरा ड्वेन टीग इंजिन चालवायचा. ड्वेन माझा विद्यार्थी. वर्गात त्याला पाच मिनिटं एका जागी बसवत नसे, पण एक गोष्ट त्याची मला तेव्हापासून आठवते. आपण सांगितलेलं वाक्य तो शब्दाचाही फरक न करता परत म्हणून दाखवी. रेल्वेत याचीच गरज असते. कचेरीत बसून गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलरनं रेडिओवर काही सांगितलं की ड्रायव्हरनं ते जसंच्या तसं परत म्हणायचं, आणि ड्रायव्हरनं काही कळवलं की कंट्रोलरनं, असा तिथला नियम आहे. ड्वेन तो पाळायचा. कंट्रोलर लोक कामाच्या घाईत पुष्कळदा पाळत नसत, आणि त्यांना विचारणारं कोणी नव्हतं.

थँक्सगिव्हिंगचं जेवण दोन्ही घरांचं एकत्र असे, आणि मी एकटी म्हणून मलाही बोलावणं असे. ड्वेन तिथे दर वर्षी तोच विनोद करी.

“आर्लो, तो क्रॅनबेरीचा मुरंबा दे रे इकडे. लाल असतो तो. थांब, राहू दे, मीच घेतो. तू मला वाटाणे देशील.”

“वाटाणे गोल असतात,” आर्लो शांतपणे म्हणायचा. “गोल मला दिसतं.”

सगळे हसायचे. आर्लोही. ड्वेनवर त्याचा फार जीव होता. जे आयुष्य आपल्याला मिळालं नाही ते आपल्याच टेबलाशी बसून टर्की खातंय, याचं दुःख न होता त्याला कौतुक वाटे. अशी माणसं मी थोडी पाहिली.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या वसंतात गावात केबल आली आणि छपरांवरच्या टीव्हीच्या अँटेना एका महिन्यात निकामी झाल्या. लोकांनी त्या काढल्या, काहींनी त्यांवर घेवड्याचे वेल चढवले. आर्लो एक वही घेऊन माझ्याकडे आला.

“बाई, रेल्वेचा रेडिओ एकशे एकसष्ट मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो. त्याला दांडी किती लांब लागेल?”

मी गणित करून दिलं. मुख्य दांडी पस्तीस इंचांहून जराशी कमी, मागची दीड इंच जास्त, पुढच्या थोड्या थोड्या कमी. टीव्हीच्या अँटेनात लहानमोठ्या बऱ्याच दांड्या असतात. लांब होत्या त्या त्यानं करवतीनं कापायच्या, उरलेल्या काढून टाकायच्या, आणि जुन्या चपट्या वायरच्या जागी गोल केबल जोडायची. “आणि ही आडवी चालायची नाही,” मी सांगितलं. “टीव्हीच्या लहरी आडव्या असतात, रेल्वेच्या उभ्या. सगळी अँटेना कुशीवर वळव, म्हणजे दांड्या उभ्या होतील. पण मग लोखंडी नळीवर बसवू नकोस. दांड्याही उभ्या आणि नळीही उभी झाली की नळी मध्ये लुडबुडते. लाकडी खांब घे.”

“लाकडी खांब,” त्यानं वहीत लिहिलं.

शनिवारी तो छपरावर चढला. खाली व्हर्ना हात कमरेवर ठेवून उभी होती.

“त्या कोपऱ्यात लाकडी खांब पुरायचा म्हणजे माझी रताळी उखडणार. नळी चांगली उभी आहे की तिथे. सोळा वर्षं वादळात हलली नाही.”

“बाई म्हणतात लाकूड हवं.”

“बाईंना रताळी लावायची असतात का?”

अँटेना नळीवरच बसली. अशी अँटेना एकाच दिशेला नीट ऐकते. आर्लोनं तिचं तोंड पूर्वेला केलं, कारण लेलँडच्या टेकडीवर कंपनीचा मनोरा होता आणि कंट्रोलरचा आवाज तिथून येई. वाऱ्यानं फिरू नये म्हणून त्यानं बोल्ट घट्ट आवळले. मी हे सगळं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. नंतर अडीच वर्षं रोज पाहत होते. एकदा सांगून झालं होतं, पुन्हा कशाला, असं मला वाटलं. शिक्षकानं असं वाटून घेऊ नये.

स्कॅनरची, म्हणजे रेल्वेचं बोलणं पकडणाऱ्या रेडिओची, पेटी त्यानं स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी ठेवली. सोबत एक कॅसेटरेकॉर्डर. तो घरी असला की टेप फिरत असे. त्याच्या ऐकण्याचा उपयोगही होता. रेल्वेच्या ड्रायव्हरला घरी यायची वेळ अशी नसतेच. आयनेझ फोन करायची, “आर्लो, मांस भट्टीत ठेवू का?” आणि आर्लो सांगायचा, “तासाभरानं ठेव. त्याला पुलापाशी थांबवलंय.” तो सहसा चुकत नसे. वीस वर्षं करपलेलं किंवा गारढोण जेवण वाढलेल्या बाईला याचं मोल कळतं.

एका दुपारी मी केकचा तुकडा खात तिथे बसले होते. कंट्रोलरचा आवाज स्वच्छ येत होता. मग खरखर, मग पुन्हा कंट्रोलर.

“ड्रायव्हर काय म्हणाला?” मी विचारलं.

“म्हणाला, खिंडीत शिरलोय, वेग तीस.”

“मला काहीच ऐकू आलं नाही.”

“सवयीनं येतं, बाई.”

व्हर्ना इस्त्री करत होती. ती मान वर न करता म्हणाली, “मलाही एकाच माणसाचं बोलणं ऐकू येतं. दोन वर्षं ऐकतेय. माझ्या आईचा फोन चालू असला की असंच वाटायचं.”

“तुला कान नाही,” आर्लो म्हणाला.

“तुला कान आहेत, मला मोजे ओळखता येतात. असा आपला संसार.”

आम्ही हसलो. मी केक संपवला. आर्लोला तेव्हा ड्रायव्हरचा आवाज खरोखर येत नव्हता. गावाच्या पश्चिमेला रूळ डोंगर कापून केलेल्या खिंडीतून येतात, आणि अँटेनाची पाठ तिकडेच होती. दोन वर्षं तो कंट्रोलरचं अर्धं बोलणं ऐकत होता आणि उरलेलं अर्धं मनात पुरं करत होता. ते इतकं बिनचूक पुरं करी, की आपण करतोय हेच तो विसरला होता. हे मला आज कळतं. त्या दुपारी मला वाटलं, वयाप्रमाणे माझेच कान जड झाले असतील.

शहाऐंशीच्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमाराला, ड्वेनची मक्याची गाडी, चारशे बारा नंबरची, पश्चिमेकडून येत होती. खिंडीच्या पलीकडे रुळाकाठी एक पेटी आहे. गाडीचं एखादं बेअरिंग तापलं तर ती आपोआप रेडिओवर बोलून त्या गाडीच्या ड्रायव्हरला कळवते. नियम असा की तिनं गरम म्हटलं की थांबायचं आणि उतरून बघायचं. पण कंट्रोलरनं ‘ये’ म्हटलं तर यायचं, ही रीत. ड्वेन आला. कोठारासमोर सायडिंगचा, म्हणजे बाजूच्या रुळाचा, सांधा आहे, तिथे एका डब्याचा ॲक्सल तुटला. अकरा डबे आडवे झाले. त्यातला एक कोठाराच्या वजनकाट्याच्या खोलीवर पडला. तिथल्या माणसाचे दोन्ही पाय मोडले. मेलं कोणी नाही. रस्त्यावर गुडघाभर मका पडला होता, आणि दोन दिवस गावातले सगळे पक्षी तिथे होते.

आर्लोची त्या दिवशी सुट्टी होती. तो घरात रेडिओशी बसला होता आणि टेप चालू होती.

आठवड्याभरात कंपनीचं पत्र आलं. ड्वेननं पेटीचा इशारा कंट्रोलरला कळवला नाही, असा आरोप होता. लेलँडचा कंट्रोलर, पर्डी नावाचा, म्हणाला होता, मी विचारलं, त्यानं ‘दोष नाही’ असं सांगितलं. कंपनीच्या आवाज टिपणाऱ्या यंत्रातलं रीळ त्या दुपारी नेमकं संपलेलं होतं. पत्रासोबत दुसरा एक कागद होता. रेल्वेत तो सगळ्यांना माहीत असतो. चूक मान्य करून त्यावर सही करायची, साठ दिवस घरी बसायचं आणि पुन्हा कामावर जायचं. सही नाही केली तर चौकशी होते, आणि चौकशीत हरलेल्याला परत घेत नाहीत. ड्वेनच्या गाडीवरच्या गार्डनं आणि ब्रेकमननं आपापल्या तीस दिवसांच्या कागदांवर सह्या केल्या होत्या. म्हणजे त्यांची तोंडं बंद झाली.

रविवारी आम्ही सगळे आयनेझच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. कागद टेबलावर, मिठाच्या बाटलीखाली.

“सही करून टाक,” आयनेझ म्हणाली. “साठ दिवस. घराला रंग द्यायचाय तो देशील.”

“मी त्याला सांगितलं होतं,” ड्वेन म्हणाला. “अठ्ठ्याहत्तरावा ॲक्सल, उजवी बाजू, गरम. थांबू का म्हणून विचारलं. तो म्हणाला, घेऊन ये. आता मी खोटं लिहून देऊ?”

“तेवीस वर्षं नोकरी आहे तुझी. खरं-खोटं करत बसतोस?”

आर्लो कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून बसला होता. तो म्हणाला, “सही करायचं कारण नाही. सगळं माझ्या टेपवर आहे.”



“सगळं?” ड्वेननं विचारलं.

“मी ऐकत होतो ना. तू अठ्ठ्याहत्तर म्हणालास, उजवी बाजू म्हणालास. पर्डी म्हणाला घेऊन ये. माझ्या कानांनी ऐकलंय.”

“टेप वाजवून बघितलीस?” मी विचारलं.

“दोनदा. स्वच्छ आहे.”

ड्वेन उठला, त्यानं आर्लोच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे ओले झाले होते. “रंगांधळ्या,” तो म्हणाला, “यापुढे वाटाणे मीच वाढीन तुला.” आणि त्यानं कागदाचे दोन तुकडे केले. आयनेझनं ते उचलून एकमेकांना लावून पाहिले, मग चुलीशेजारच्या डब्यात टाकले.

आर्लो खोटं बोलत नव्हता. टेप वाजली की त्याला दोन्ही आवाज ऐकू येत होते, इतकंच.

चौकशी लेलँडला कंपनीच्या कचेरीत झाली. आर्लोच्या रेकॉर्डरचा आवाज बारीक, म्हणून मी शाळेतला मोठा रेकॉर्डर घेऊन गेले. युनियनचा अध्यक्ष मर्ल कॅफी सकाळच्याच गाडीनं आला होता. त्यानं दारातच विचारलं, “टेप बरी आहे ना?” आर्लो म्हणाला, “घंटेसारखी.” कॅफीनं मान डोलावली आणि आत गेला.

आधी आर्लोची साक्ष झाली. चौकशी करणारे साहेब म्हणजे टाय सैल केलेला, थकलेला माणूस. “तुम्ही इंजिन ड्रायव्हरचं बोलणं स्वतः ऐकलंत?”

“हो, साहेब. शब्दन् शब्द.”

लिहिणाऱ्या बाईनं ते लिहून घेतलं. मग मी बटण दाबलं.

पर्डीचा आवाज आला, माणूस शेजारी बसल्यासारखा स्पष्ट. “चारशे बारा, पेटी काय म्हणाली?”

मग खरखर. मी मनात मोजत होते. नऊ सेकंद नुसती खरखर.

“ठीक आहे, चारशे बारा. घेऊन ये. केलर बेंडची सायडिंग तुला उघडी आहे.”

मग पुन्हा खरखर.

मी ड्वेनकडे पाहिलं. वर्गात न आलेलं उत्तर फळ्यावर शोधायचा, तसा तो त्या यंत्राकडे पाहत होता. कॅफीनं पेन खाली ठेवलं. पर्डी खिडकीबाहेर बघू लागला.

“मागे घेऊन पुन्हा लावा,” साहेब म्हणाले. मी लावलं. पुन्हा तेच.

“मिस्टर हॉगन, ड्रायव्हर यात कुठे बोलतोय?”

मी तिसऱ्यांदा टेप लावली. “ते काय,” आर्लो म्हणाला. त्यानं बोट वर केलं आणि नऊ सेकंदांच्या त्या खरखरीवर धरलं. “ते काय. आत्ता.” मग त्याचं बोट तसंच राहिलं आणि चेहरा हळूहळू बदलला. मी शाळेत बत्तीस वर्षं मुलांचे चेहरे वाचले. असा चेहरा मी पाहिला नव्हता, आणि पाहायला नको होता.

मी उभी राहिले. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी साहेबांना सांगितलं की अँटेनाचं तोंड पूर्वेला आहे, ती लोखंडी नळीवर बसवली आहे, ड्रायव्हर पश्चिमेला खिंडीत होता, त्याचा आवाज तिच्यात येणं शक्यच नव्हतं. तिथे खरखर आहे याचा अर्थ तो बोलला नाही असा होत नाही.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे या अँटेनावर पश्चिमेचं ऐकू येत नाही.”

“येत नाही.”

“पण मिस्टर हॉगन आत्ताच म्हणाले, शब्दन् शब्द ऐकला. मग मी कोणाचं खरं मानू, बाई? तुमचं खरं मानलं तर यांनी साक्षीत खोटं सांगितलं. यांचं मानलं, तर टेपवर ते नाही.” त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. “आणि माझ्यापुढे जे आहे ते एवढंच. कंट्रोलरनं विचारलं, आणि उत्तर ऐकून म्हणाला, ठीक आहे, घेऊन ये. गरम बेअरिंग ऐकून कोणी असं म्हणतं का?”

मी खाली बसले. पर्डी अजून खिडकीबाहेर बघत होता.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ड्वेनला बडतर्फीचं पत्र मिळालं. चौकशीहून परतताना गाडीत तो एकच वाक्य बोलला होता, तेही आर्लोकडे न बघता. “टेप नसती तर निदान माझ्या शब्दापुढे फक्त पर्डीचा शब्द असता.”

त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला मी हॉगनांकडे गेले. टेबलाशी आम्ही तिघंच होतो. व्हर्नानं सवयीनं मुरंबा दोन वाट्यांत काढला होता, एक आमची, एक ड्वेनच्या बाजूची.

पुढच्या वसंतात आर्लोनं रताळ्यांचा कोपरा खणून लाकडी खांब पुरला. खणताना व्हर्नानं कंद वेचून बादलीत टाकले. यावेळी त्यानं जुनी अँटेना टाकून साधी उभी एकच दांडी लावली, चारही दिशांना सारखं ऐकणारी, मी सांगितलं होतं तसं. मला त्यानं ऐकायला बोलावलं. कंट्रोलर बोलला, आणि खिंडीतून ड्रायव्हरचं उत्तर आलं, कोणीतरी तरुण, अनोळखी. पर्डीचाच आवाज होता तो कंट्रोलरचा, हेही आम्ही दोघांनी ऐकलं.

“आता दोन्ही बाजू येतात,” आर्लो म्हणाला. त्यानं स्कॅनर बंद केला.

ड्वेनला शाळेची बस मिळाली. जिल्ह्यात दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतं. आमच्या गल्लीच्या टोकाला, आर्लोच्या ओसरीसमोरच, रूळ ओलांडायचा रस्ता आहे. शाळेच्या बसला कायदा असा की रुळांपाशी थांबायचं, दार उघडायचं, डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, कान देऊन ऐकायचं, मगच जायचं. तेवीस वर्षं इंजिन चालवलेला माणूस सकाळी एकदा आणि दुपारी एकदा तिथे थांबे, दार उघडे आणि गाडी येतेय का ते ऐके. कामावर नसला की आर्लो ओसरीवर बसलेला असे. सुरुवातीला तो हात वर करायचा. पुढे पुढे तो हात गुडघ्यावरच राहू लागला.

एकदा, मे महिन्यात, मी व्हर्नाच्या भाज्यांना पाणी घालत होते. बस येऊन थांबली, दार उघडलं. आर्लो ओसरीवरून उठून कुंपणापर्यंत आला. त्याच्या हातात घड्याळ होतं, मागे स्वयंपाकघरात स्कॅनर चालू होता.

“ड्वेन, पश्चिमेकडून मालगाडी आहे. खिंडीत शिरलीय. चार मिनिटं.”

ड्वेननं त्याच्याकडे पाहिलं. त्या सहा महिन्यांत पहिल्यांदाच पाहिलं असावं. मग त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मान जराशी कलती करून ऐकलं. रूळ रिकामे होते, दिसण्यासारखं काही नव्हतं, ऐकू येण्यासारखंही अजून नव्हतं. त्यानं दार ओढून घेतलं आणि बस रुळांपलीकडे नेली.

आर्लो कुंपणाशी घड्याळ धरून उभा राहिला. गाडी बरोबर चार मिनिटांनी आली. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत तो तिथून हलला नाही.